मालक गेला, क्लबाकडचं येणं राहिलं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: इंग्लंडमधल्या फुटबॉल क्लबांच्या ताळेबंदात मालकाकडून घेतलेलं कोट्यवधी पौंडांचं कर्ज दिसतं. तो मालक वारला तर हे पैसे त्याच्या बायकामुलांना मिळतात का? त्यांनी मागितले तर क्लब बुडतो का? आणि पुण्याच्या व्यंकीज या कोंबडीवाल्या समूहानं ब्लॅकबर्न क्लब घेतला तेव्हा आधीचा मालक जॅक वॉकर याच्या घरच्यांचं काय झालं?

मी मूळचा सांगलीचा. सीए झाल्यावर इंग्लंडच्या उत्तर भागात आलो आणि गेली 23 वर्षं गाळात रुतलेल्या कंपन्यांचं काम करतो. कंपनी बुडायला लागली की धनको किंवा न्यायालय ज्यांना बोलावतं, त्यांच्यातला एक. एवढ्या वर्षांत फुटबॉल क्लब चारच वाट्याला आले, तेही खालच्या विभागांतले. त्यामुळे मोठ्या क्लबांबद्दल जे लिहितोय ते जाहीर नोंदींवरून, आणि लहान क्लबांबद्दलचं हात काळे करून घेतलेलं.

पैसे परत मिळतात का, याचं उत्तर मालक हयात असताना त्यानं काय लिहून ठेवलं यावर ठरतं. आणि बहुतेकांनी काहीही लिहून ठेवलेलं नसतं.

लोक विचारतात, एवढं प्रेम होतं तर देणगी का दिली नाही, कर्ज कशाला? खरं कारण अगदी साधं आहे. महिन्याच्या शेवटी खेळाडूंचे पगार द्यायचे असतात, खात्यात पैसे नसतात, आणि आदल्या दिवशी अकाउंटंट मालकाला फोन करतो. मालक बँकेला सांगतो, पैसे पोचतात. नवे शेअर काढायचे तर ठराव, किंमत, इतर भागधारकांची कुरकुर, सगळं आलं. कर्जाला काहीच लागत नाही. आपल्याकडे किराणा दुकानदार घरातल्या कपाटातून पैसे आणून गल्ल्यात टाकतो आणि वहीत एक ओळ लिहितो, तसंच हे. ती ओळ दर महिन्याला वाढत जाते. शिवाय मनात कुठेतरी असतं की उद्या क्लब विकला तर निदान मुद्दल तरी निघेल, कारण शेअरवाल्यांच्या आधी कर्जवाल्याचा नंबर लागतो. व्याज बहुतेक वेळा नसतंच.

मालक जिवंत असेपर्यंत हे कर्ज म्हणजे निव्वळ कागद असतो. तो ते मागणार नाही हे सगळ्यांना ठाऊक असतं, लेखापरीक्षकाला तर तो तसं पत्रच देतो की पुढचे बारा महिने मी वसुली करणार नाही. ज्या दिवशी तो जातो, त्या दिवशी हे पत्र देणारा माणूसच उरत नाही.

मग मी पहिला प्रश्न विचारतो तो हा: कर्ज नेमकं कोणी दिलं होतं? त्यानं स्वतःच्या खात्यातून दिलं असेल तर ते येणं त्याच्या इस्टेटीत जातं, घर, गाडी आणि मुदत ठेवींच्या शेजारी. मृत्युपत्राची अंमलबजावणी करणारा, ज्याला इथे एक्झिक्युटर म्हणतात, त्याच्यावर कायद्यानं जबाबदारी असते की मृताची सगळी येणी गोळा करायची. इथेच बाहेरच्या माणसाची समजूत चुकते. त्याला वाटतं, कुटुंब हावरट आहे म्हणून पैसे मागतंय. खुद्द मालक उदार होऊ शकत होता, एक्झिक्युटर होऊ शकत नाही. दुसऱ्याच्या हक्काचे पैसे त्यानं भावनेच्या भरात सोडून दिले तर वारस त्याच्यावर दावा लावू शकतात. सगळे वारस सज्ञान असतील आणि सगळ्यांनी लिहून दिलं तरच कर्ज माफ होतं. एक जरी वारस अज्ञान असला तरी तो दरवाजा बंद.

जिवंत मालकाची गोष्ट वेगळी. रोमन अब्रामोविचनं मार्च 2022 मध्ये चेल्सीकडून कर्ज परत मागणार नाही असं जाहीर करून टाकलं, आणि ती रक्कम 150 कोटी पौंडांच्या घरात होती. असं एक निवेदन काढायचा अधिकार त्याच्या पश्चात कोणाकडेच राहिला नसता.

दुसरी अडचण कराची, आणि ही बहुतेक मालकांना त्यांच्या सल्लागारांनी सांगितलेलीच नसते. ब्रिटनमध्ये वारसा कर 40 टक्के आहे, सवा तीन लाख पौंडांच्या वरच्या इस्टेटीवर. पतीकडून पत्नीला गेलं तर कर नाही, पण मुलांना गेलं तर आहे. आता गंमत बघा. खासगी कंपनीचे शेअर दोन वर्षं जवळ असतील तर धंद्याची मालमत्ता म्हणून त्यांना मोठी सवलत मिळते (एप्रिल 2026 पासून तिला वरची मर्यादा आली आहे, पण सवलत आहे). त्याच कंपनीला दिलेल्या कर्जाला मात्र ही सवलत अजिबात नाही. उलट कायदा गृहीत धरतो की कर्ज पूर्ण वसूल होणार. ते होणार नाही हे सिद्ध करायचं ओझं कुटुंबावर. म्हणजे जो पैसा क्लबाच्या गवतात कधीच मुरला, त्यावर घरच्यांनी रोख कर भरायचा. शेअरची सवलतही आपोआप मिळते असं नाही, कारण धंदा नफ्यासाठी चालवलेला हवा, आणि दरसाल तोट्यात जाणारा क्लब नफ्यासाठी चालतो हे कर अधिकाऱ्याला पटवणं हा एक स्वतंत्र विनोद आहे.

माझ्या वाट्याला आलेली अशी एक केस सांगतो. मँचेस्टरपासून तासाभरावरचं गाव, क्लबाचं नाव सांगत नाही. मालक बांधकामाच्या सामानाचा व्यापारी. चौदा वर्षांत त्यानं 31 लाख पौंड घातले आणि एकही करारनामा केला नाही. तो हृदयविकारानं गेला, आणि नव्या संचालकांनी पहिल्याच बैठकीत पवित्रा घेतला की ही देणगी होती, कर्ज नव्हतंच. त्याची बायको सामन्याच्या दिवशी मैदानातल्या खाण्याच्या काउंटरवर उभी राहणारी. आम्ही तिच्या स्वयंपाकघरात टेबलावर बुटांच्या दोन खोक्यांतून बँकेची स्टेटमेंटं काढून तारखा जुळवत बसलो होतो. आमच्या कामी आलं ते क्लबाचंच कागदपत्र: दर वर्षीच्या ताळेबंदात संचालकांनी सही करून ‘संचालकाचे कर्ज’ अशी ओळ लिहिली होती. स्वतःच्या सहीचा ताळेबंद म्हणजे कर्जाची कबुली. मुदतबाह्य झालं हा युक्तिवादही त्यामुळे पडला, कारण परतफेडीची तारीख न ठरलेल्या अशा हातउसन्या पैशाची सहा वर्षांची मुदत साधारणपणे लेखी मागणी केल्यापासून मोजली जाते, आणि मागणी तर कधी झालीच नव्हती.

बाई म्हणाल्या, माफ करून टाका, त्याला तेच आवडलं असतं. पण मृत्युपत्रात एक वाटा वारलेल्या मुलीच्या नऊ वर्षांच्या मुलाचा होता. माफी शक्य नव्हती. तडजोड शक्य होती, कारण प्रामाणिकपणे विचार करून येणं कमी करायची किंवा लांबवायची मुभा कायदा एक्झिक्युटरला देतो. आम्ही ठरवलं की क्लबानं खेळाडू विकला तर त्या रकमेचा दहावा हिस्सा कुटुंबाला, वरच्या विभागात गेला तर एक ठरावीक रक्कम, मैदान विकलं तर पूर्ण. एरवी काही नाही. गावात मात्र बातमी पसरली ती ‘म्हातारी क्लब विकायला निघाली’ अशी. कोणीतरी तिच्या फाटकावर रंगानं काहीबाही लिहिलं. ज्या माणसाच्या नावाचा स्टँड होता त्याच्या बायकोच्या फाटकावर. दोन महिने ती काउंटरवर आली नाही. नऊ वर्षांत मुद्दलाच्या पाचव्या हिश्शाएवढे पैसे आले, आणि त्यातला बराचसा भाग एकाच डावखुऱ्या पोराच्या विक्रीतून. वसुलीच्या हिशेबानं हा चांगला निकाल म्हणतात.

चांगला का म्हणायचा, हे कळायला रांग समजून घ्यावी लागते. क्लब देणी भागवू शकला नाही आणि प्रशासकाच्या ताब्यात गेला की पहिले पैसे तारण असलेल्या धनकोला. त्यानंतर फुटबॉलची एक खास रीत आहे जी दुसऱ्या कुठल्याच धंद्यात नाही: खेळाडूंचे पगार आणि दुसऱ्या क्लबांची देणी पूर्णच्या पूर्ण द्यावी लागतात, नाहीतर लीगमधली जागा जाते. कर खात्यानं या रीतीला न्यायालयात आव्हान दिलं आणि 2012 मध्ये ते हरले. डिसेंबर 2020 पासून व्हॅट आणि पगारातून कापलेल्या करासाठी कर खात्याला पुन्हा अग्रहक्क मिळाला, म्हणजे तेही पुढे सरकले. उरलेल्या गर्दीत अँब्युलन्सवाले, धोबी, छपाईवाला आणि दिवंगत मालकाचं कुटुंब. प्रीमियर लीगच्या खालच्या तीन विभागांत नियम असा आहे की या सामान्य धनकोंना पौंडामागे 25 पेन्स किंवा तीन वर्षांत 35 पेन्स तरी दिले पाहिजेत, नाहीतर 15 गुण कापले जातात. प्रशासकाकडे गेल्याबद्दलचे 12 गुण तर आधीच गेलेले असतात.

तरीही या रांगेत शेवटी उभ्या असलेल्या कुटुंबाच्या हातात एक हत्यार असतं. धनकोंशी तडजोडीचा ठराव मंजूर व्हायला मतदान करणाऱ्यांच्या एकूण येण्याच्या 75 टक्के पाठिंबा लागतो. मालकाचं कर्ज बहुधा सगळ्यात मोठं असतं, चौथ्या हिश्शाहून सहज जास्त. म्हणजे कुटुंब एकटं ठराव पाडू शकतं. एकटं पास मात्र करू शकत नाही, कारण क्लबाशी संबंध नसलेल्या धनकोंपैकी निम्म्याहून अधिक रकमेचे विरोधात गेले तर ठराव टिकत नाही. भारतात नेमकं उलटं आहे: 2016 च्या दिवाळखोरी संहितेत कंपनीशी संबंधित धनकोला धनकोंच्या समितीत मतच नसतं. इथला नियम मला जास्त शहाणा वाटतो. ज्यानं सगळ्यात जास्त घातलं त्याला बोलूच द्यायचं नाही हे बरोबर नाही, आणि त्यालाच सगळं ठरवू द्यायचं हेही नाही.

मैदानावर तारण नोंदवलं असेल तर चित्र पालटतं. मग कुटुंब रांगेत पहिलं. पण मैदान जप्त करून तिथे घरं बांधायची म्हटली की परवानगी देणारी नगरपालिका, चाहत्यांनी ‘समाजाची मालमत्ता’ म्हणून केलेली नोंद, असे अडथळे. त्यात 2025 च्या फुटबॉल कायद्यानं स्वतंत्र नियामक आणला आणि घरचं मैदान विकायला किंवा तारण ठेवायला त्याची मंजुरी घ्यायची तरतूद केली. कागदावर सोन्याचं तारण, हातात आलं की दगड.

कोणी काहीच लिहून ठेवलं नाही आणि क्लब एकाच माणसाच्या खिशावर उभा असेल तर काय होतं, ते ग्रेटनात दिसलं. स्कॉटलंड–इंग्लंडच्या सीमेवरचं जेमतेम तीन हजार वस्तीचं गाव. ब्रुक्स माइलसननं पैसा ओतला आणि क्लब 2005, 2006, 2007 अशी सलग तीन वर्षं वर चढत थेट सर्वोच्च विभागात गेला. मध्ये 2006 चा स्कॉटिश चषकाचा अंतिम सामना खेळला, पेनल्टीवर हार्ट्सकडून हरला. गावातलं मैदान वरच्या विभागाच्या अटीत बसेना म्हणून ‘घरचे’ सामने मदरवेलला, एका सामन्याला 431 माणसं. 2008 च्या सुरुवातीला माइलसन आजारी पडला आणि पैसे थांबले. मार्चमध्ये प्रशासक आला, ऑगस्टपर्यंत कंपनी मोडीत निघाली, नोव्हेंबरमध्ये माइलसन वारला. म्हणजे माणसाच्या आधी क्लब गेला. सुमारे 40 लाख पौंडांची देणी होती. चाहत्यांनी ‘ग्रेटना 2008’ नावानं पुन्हा खालून सुरुवात केली. वसूल करायला तिथे काही उरलंच नव्हतं, म्हणून कुटुंब विरुद्ध क्लब असा वादही झाला नाही.

लेस्टरचं याच्या विरुद्ध. क्लबाचे थायलंडचे मालक विचाई श्रीवद्धनप्रभा 27 ऑक्टोबर 2018 ला वेस्ट हॅमशी 1–1 बरोबरी झाल्यावर स्टेडियममधूनच हेलिकॉप्टरनं निघाले आणि बाहेर काही अंतरावर ते कोसळलं, पाचही जण गेले. पण क्लबाला कर्ज दिलेलं होतं ते त्यांच्या किंग पॉवर कंपनीनं, विचाईंनी स्वतःच्या नावानं नव्हे. त्यामुळे त्या रात्री क्लबाचा धनको मेला नाही. मुलगा ऐयावत अध्यक्ष झाला आणि कर्ज होतं तिथेच राहिलं. वडील असतानाच, 2013 मध्ये, 10 कोटी 30 लाख पौंडांचं कर्ज शेअरमध्ये बदललं होतं. मुलानं 2023 च्या सुरुवातीला आणखी 19 कोटी 40 लाखांचं बदललं. क्लब त्याच मे महिन्यात खाली घसरला हा भाग वेगळा. कर्जाचे शेअर केले म्हणजे पैसे माफ केले असं वर्तमानपत्रं लिहितात, ते अर्धंच खरं. धनकोची रांग सोडून मालकाच्या बाकावर जाऊन बसणं एवढंच ते. क्लब विकला गेला तरच त्यातलं काही परत दिसणार.

आता तुमचा ब्लॅकबर्न. जॅक वॉकर तिथलाच, भावाबरोबर पोलादाचा धंदा वाढवला, तो ब्रिटिश स्टीलला 33 कोटी पौंडांना विकला आणि जर्सी बेटावर राहायला गेला. 1991 मध्ये क्लब हातात घेतला, प्रशिक्षक म्हणून डॅलग्लिशला आणलं, गोल करायला शिअररला आणलं, आणि 1995 ला ब्लॅकबर्न इंग्लंडचा विजेता झाला. ऑगस्ट 2000 मध्ये तो वारला. क्लब त्याच्या वैयक्तिक नावावर नव्हता, जर्सीतल्या कौटुंबिक ट्रस्टकडे होता. म्हणून मृत्यूनंतर कुठलीच वसुली सुरू झाली नाही, ट्रस्ट होता तसाच चालू राहिला आणि काही वर्षं पैसेही देत राहिला. पण विश्वस्तांचं कर्तव्य लाभार्थी कुटुंबाशी असतं, पूर्व लँकशरमधल्या चाहत्यांशी नाही. ट्रस्टनं हात आखडता घेतला, गिऱ्हाईक शोधलं, आणि 19 नोव्हेंबर 2010 ला क्लब 2 कोटी 30 लाख पौंडांना व्यंकीजच्या लंडनमधल्या कंपनीला गेला. क्लबाच्या डोक्यावरची देणी खरेदीदारानं घेतली. ज्या माणसानं विजेतेपदासाठी तिजोरी उघडली, त्याच्या पश्चात ट्रस्टच्या हाती आलं ते एवढं. वॉकरची तक्रार नसती असं मला वाटतं. त्यानं तो पैसा परत येईल म्हणून घातलाच नव्हता, आणि तो कुठे ठेवायचा याची व्यवस्था मात्र मृत्यूच्या तेरा वर्षं आधी ट्रस्ट काढून करून ठेवली होती.

व्यंकीजच्या फुटबॉलविषयी मी बोलणार नाही. मे 2012 मध्ये विगनविरुद्ध हरून क्लब खाली गेला त्या रात्री चाहत्यांनी मैदानात कोंबडी सोडली होती, तेवढं पुरे. हिशेबाचं सांगतो: आज धनकोच्या जागी पुण्याचा समूह आहे. पंधरा वर्षांत कंपनीनं 10 कोटी पौंडांहून कितीतरी जास्त घातले, काही कर्ज म्हणून, काही शेअर म्हणून. पैसा भारतातून जातो, आणि ईडीच्या चौकशीमुळे तो पाठवायला दिल्ली उच्च न्यायालयाची परवानगी मागायची वेळ आली, तेही तेवढ्याच रकमेची बँक हमी देऊन. मालकाच्या इच्छेवर चालणाऱ्या क्लबाला मालकाच्या देशातलं न्यायालयही लागू पडतं, हे माझ्या क्षेत्रातल्या बऱ्याच इंग्रज मंडळींना तेव्हा पहिल्यांदा कळलं.

आपल्याकडे असा कौटुंबिक कर्जाचा प्रश्न फारसा आला नाही, कारण भारतातले क्लब बहुतेक कंपनीचा एक विभाग म्हणून चालले, खर्च जाहिरातीच्या खात्यात. महिंद्रा युनायटेड 2010 मध्ये बंद झाला, गोव्याचे साळगावकर आणि धेंपे 2016 ला आय-लीग या राष्ट्रीय स्पर्धेतून बाहेर पडले. कोणाचं कोणाकडे काही येणं राहिलं नाही. मुंबईत महिंद्राचा संघही राहिला नाही.

तुम्हाला एखाद्या क्लबाचं खरं काय ते बघायचं असेल तर ब्रिटनच्या कंपनी निबंधकाच्या संकेतस्थळावर सगळं फुकट दिसतं. क्लब ज्या कंपनीच्या मालकीचा आहे ती आधी शोधा, कारण कर्ज बऱ्याचदा वरच्या कंपनीत दडलेलं असतं. ताळेबंदाच्या शेवटच्या टिपांमध्ये ‘संबंधित व्यक्तींशी व्यवहार’ वाचा: धनको व्यक्ती आहे, कंपनी की ट्रस्ट, व्याज आहे का, आणि परतफेड ‘मागितल्यावर’ आहे की ठरावीक तारखेला. मग तारणांची नोंद उघडा. मालक सत्तरीच्या पुढचा असेल, कर्ज त्याच्या स्वतःच्या नावावर, मागितल्यावर देय, आणि तारणांच्या यादीत मैदानावर त्याचंच नाव दिसत असेल, तर त्या क्लबाच्या चाहत्यांनी पुढच्या भागधारक बैठकीत फक्त एकच प्रश्न विचारावा: मृत्युपत्रात या कर्जाबद्दल काही लिहिलं आहे का? उत्तर मिळणार नाही. पण मी ज्या चार क्लबांत काम केलं, त्यांतल्या एका मालकानं असा प्रश्न ऐकून आठवड्याभरात वकिलाला फोन केला होता.